चमत्कार आणि चेहरा

उन्हाळ्याची सुट्टी आणि सिनेमा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. परीक्षा आटोपतात, घरी पाहुणे येतात, मुलांना मोकळा वेळ मिळतो आणि कोणीतरी हळूच सिनेमाचा विषय काढतो. अमेरिकेत याच नात्याला एका प्रचंड उद्योगाचे रूप आले आहे. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत तेथे अफाट खर्चाचे आणि तितक्याच गाजावाजाचे चित्रपट एकामागून एक प्रदर्शित होतात. त्यांना ‘समर ब्लॉकबस्टर’ असे नाव आहे. ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द मूळचा दुसऱ्या महायुद्धातला. इमारतींची अख्खी ओळ जमीनदोस्त करणाऱ्या अवजड बॉम्बला उद्देशून तो वापरला जाई. पुढे तिकीटबारीवर विक्रमी गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांना तो चिकटला.

असा एखादा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे बोलणे कान देऊन ऐकले, तर दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘त्या भूमिकेत तो नट शोभला नाही.’ दुसरी, ‘ते दृश्य खोटे वाटले.’ पहिली तक्रार पात्रयोजनेची, दुसरी दृश्य-करामतींची. समीक्षकही या दोहोंचा विचार वेगवेगळ्या परिच्छेदांत करतात आणि मोकळे होतात. मला मात्र असे वाटते की या तक्रारी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. पडद्यावर अशक्य ते घडताना दिसते, तेव्हा आपण कोणाच्या भरवशावर त्याच्यावर विश्वास ठेवतो, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे की, आपण तो विश्वास माणसाच्या चेहऱ्यावर ठेवतो. आणि म्हणूनच, तो विश्वास बसला नाही की आपला राग यंत्रावर न निघता माणसावर निघतो. विषय करमणुकीचा असला तरी या रागाने एका गुणी नटाला मृत्यूच्या काठापर्यंत नेले होते. त्याची हकीकत पुढे येईल. तिच्यामुळेच हा विषय मला हलका वाटत नाही.

समर ब्लॉकबस्टरची परंपरा साधारणपणे २० जून १९७५ या दिवसापासून मोजली जाते. त्या दिवशी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ अमेरिकेत चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी झळकला. पीटर बेंचली यांच्या कादंबरीवर आधारलेली ही गोष्ट एका नरभक्षक शार्क माशाची. त्यासाठी यांत्रिक शार्क तयार करण्यात आला होता. पण प्रत्यक्ष समुद्रात चित्रीकरण सुरू झाले आणि खाऱ्या पाण्याने ते यंत्र वरचेवर बिघडू लागले. दिग्दर्शकाला शार्क दाखवता येईना. मग त्याने शार्कची चाहूल दाखवली. पाण्यावर वेगाने सरकणारी पिवळी पिंपे, जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले दोनच सुरांचे ते धडकी भरवणारे आवर्तन, आणि रॉय शायडर या नटाचा चेहरा. चित्रपटाचा निम्म्याहून अधिक भाग उलटेपर्यंत शार्क आपल्याला धडपणे दिसत नाही. जेव्हा तो पाण्यातून एकाएकी डोके वर काढतो, तेव्हा शायडर ताठ उभा राहतो आणि पाठ न फिरवता, एक शब्द न उच्चारता, पावलापावलाने मागे सरकत केबिनमध्ये शिरतो. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो हा क्षण. शार्क रबराचा होता, हे आज शेंबडे पोरही सांगेल. पण शायडरच्या चेहऱ्यावरची भीती रबराची नव्हती.

अठरा वर्षांनी, ११ जून १९९३ रोजी, त्याच दिग्दर्शकाचा ‘जुरासिक पार्क’ आला. आता तंत्र पुष्कळ पुढे गेले होते. स्टॅन विन्स्टन यांनी घडवलेले यांत्रिक डायनोसोर होते आणि डेनिस म्यूरेन यांच्या चमूने संगणकावर निर्माण केलेलेही होते. बाहुल्या इंचाइंचाने हलवून एकेक चौकट टिपण्याच्या जुन्या कलेतले निष्णात फिल टिपेट यांना संगणकावरचा पहिला नमुना पाहून वाटले की, आता आपली जातच नामशेष झाली. स्पीलबर्ग यांना ते उद्गार इतके आवडले की त्यांनी त्याच आशयाचे वाक्य चित्रपटात घातले, आणि टिपेट यांना कामावर कायम ठेवले. जनावराचे वजन, त्याची चाल, त्याचा दम लागणे या गोष्टी संगणकापेक्षा टिपेट यांना अधिक कळत होत्या.

या चित्रपटाची लांबी दोन तासांहून थोडी अधिक आहे. त्यात डायनोसोर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यांतही संगणकाने घडवलेले त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेला वेळ आपण माणसे पाहतो. पहिला डायनोसोर दिसतो तो प्रसंग वाचकांनी आठवून पाहावा. सॅम नील जीपमध्ये बसल्या जागी उठून उभा राहतो. काळा चष्मा काढतो. शेजारी बसलेली लॉरा डर्न हातातल्या झाडाच्या पानाचे निरीक्षण करण्यात गुंग आहे. तो तिच्याकडे न पाहताच तिचे डोके धरून वळवतो. तिचे तोंड उघडे राहते. एवढे सगळे होईपर्यंत आपल्याला काहीही दाखवलेले नाही. मगच ते महाकाय शाकाहारी जनावर पडद्यावर येते. म्हणजे आपला होकार आधीच घेतला गेला आहे, आणि तो त्या दोन चेहऱ्यांनी मिळवलेला आहे.

आपल्याकडे हा चित्रपट १९९४ च्या उन्हाळ्यात हिंदी संवादांसह आला आणि इंग्रजी सिनेमाच्या वाटेला कधीही न गेलेल्या मंडळींनी तो पाहिला. माझ्या एका वयस्क मावशीला आम्ही आग्रहाने नेले होते. घरी परतल्यावर मुले हातवारे करून डायनोसोरांच्या गर्जना काढत होती. मावशी मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या पोरीच्या हातातला चमचा कसा रे थरथरत होता!’ उपाहारगृहात जेली खाता खाता पडद्याआडची हिंस्र सावली पाहून त्या मुलीचा हात थरथरू लागतो, तो हा प्रसंग. संगणकावर घडवलेली जनावरे पाहायला आम्ही तिला नेले होते, आणि ती घरी घेऊन आली एक चमचा. त्या वेळी आम्ही हसलो. आज वाटते, आमच्यात खरा सिनेमा तिनेच पाहिला होता.

येथे कोणी म्हणेल की निव्वळ भव्यतेलाही प्रेक्षक दाद देतोच की! ‘इंडिपेंडन्स डे’ या १९९६ च्या चित्रपटात परग्रहवासी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या ठिकऱ्या उडवतात. ते दृश्य जगभर गाजले, आणि त्यात कोणाचा चेहरा आठवावा असे काही नाही. हे मला मान्य आहे. पण विस्मय आणि विश्वास यांत फरक करायला हवा. आतषबाजीने विस्मय वाटतो. तो त्या क्षणापुरता खरा असतो आणि पुढल्या वर्षी अधिक मोठी आतषबाजी मागतो. विश्वासाला अशी वाढती मात्रा लागत नाही. म्हणूनच शेकडो पट अधिक ताकदीचे संगणक हाती असूनही नंतरचे कित्येक चित्रपट दोन-चार वर्षांत शिळे झाले, आणि १९९३ चे ते पंधरा मिनिटांचे डायनोसोर अजून ताजे आहेत.

हा विश्वास मिळवण्याची विद्या काही अमेरिकेने शोधून काढलेली नाही. ती आपल्या अंगणातही होती. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट १९१०-११ च्या सुमारास मुंबईत पाहून दादासाहेब फाळके यांना आपल्या पुराणकथा पडद्यावर आणण्याची प्रेरणा झाली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी उभे केले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर याहून ‘चुकीची’ पात्रयोजना ती कोणती? तरीही पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असे सांगतात. स्त्रीभूमिका करणारे पुरुष रंगभूमीवर पाहण्याची सवय असलेल्या त्या प्रेक्षकाला नट आणि पात्र यांतले अंतर ठाऊक होते. ते अंतर ओलांडणे हे आपलेही काम आहे, असे तो समजत असे.

फाळके करामतींचेही बादशहा होते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्णाची भूमिका दिली. त्या चित्रपटाचा आरंभ मोठा मार्मिक आहे. कालिया नाग राहिला बाजूला. आधी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. ही अमक्याची मुलगी आहे, ती अभिनय करते आहे, हे प्रेक्षकाला उघड दाखवून मग तिचा कृष्ण होतो. आधी चेहरा, मग चमत्कार. स्पीलबर्ग यांच्या जीपमधल्या प्रसंगाचा क्रमही नेमका हाच आहे.

आता दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे पात्रयोजनेकडे वळू. १९८८ साली असे जाहीर झाले की बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटन यांची निवड झाली आहे. कीटन तोवर ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलजूस’सारख्या विनोदी चित्रपटांचे नट म्हणून ओळखले जात. चित्रकथांमधला बॅटमॅन उंचापुरा, रुंद जबड्याचा. हे गृहस्थ बेताच्या उंचीचे, विरळ होत चाललेल्या केसांचे. चाहते खवळले. निर्मात्यांकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे आली असे सांगितले जाते. एकानेही चित्रपट पाहिलेला नव्हता, कारण तो तयारच झालेला नव्हता. जून १९८९ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसणाऱ्या कीटन यांच्या डोळ्यांत प्रेक्षकांना तो दुभंगलेला, रात्री न झोपणारा माणूस दिसला. पत्रे लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण त्या तिकिटांच्या रांगांत उभे असतील.

याच कथामालेत पुन्हा तेच घडले. २००६ मध्ये जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर यांचे नाव पुढे आले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. हा देखणा, हळव्या प्रेमकथांतला नट, याला ते काय जमणार! जानेवारी २००८ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लेजर यांचे निधन झाले. ‘द डार्क नाइट’ जुलैमध्ये आला. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. टीकाकारांना आपले शब्द परत घ्यावेसे वाटले, तेव्हा ते ऐकायला लेजर नव्हते.

प्रेक्षकांच्या या उतावळेपणाला मी केवळ मूर्खपणा म्हणणार नाही. त्याच्या मुळाशी एक चांगली गोष्ट आहे. वाचलेल्या कथेतले पात्र आपण मनात घडवलेले असते. वर्षानुवर्षे ते आपल्यासोबत राहिलेले असते. कोणी परका चेहरा त्या जागी आणून बसवला की घरात न विचारता बिऱ्हाड आल्यासारखे वाटते. ज्याला काहीच वाटत नाही, त्याने मुळात वाचलेच नसावे. तेव्हा आपुलकीतून आलेला आक्षेप समजण्यासारखा आहे. प्रश्न असा की, पाहण्याआधीच दिलेला निकाल हा खरोखर आक्षेप असतो का? खटला सुरू होण्याआधी शिक्षा सांगणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू? फाळक्यांचा प्रेक्षक अंतर ओलांडून पलीकडे जायला तयार होता. आपण अलीकडच्या काठावर बसून, पात्राने आपल्या मनातल्या चित्रासारखेच दिसावे, असा हट्ट धरतो.

आणि आता ती हकीकत. १९ मे १९९९ रोजी जॉर्ज लुकास यांचा ‘द फँटम मेनेस’ प्रदर्शित झाला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने एका पिढीचे बालपण भारून टाकले होते. ती पिढी आता मोठी झाली होती आणि सोळा वर्षे नव्या चित्रपटाची वाट पाहत होती. त्यात जार जार बिंक्स नावाचे एक पात्र होते. लांब कानांचे, बदकासारख्या तोंडाचे, देठांवर डोळे असलेले, पदोपदी धडपडणारे, विदूषकी. संपूर्णपणे संगणकावर साकारलेल्या पहिल्या प्रमुख पात्रांपैकी ते एक. पण त्याच्या हालचाली आणि आवाज यांमागे एक जिवंत माणूस होता. त्याचे नाव अहमद बेस्ट. ‘स्टॉम्प’ या तालनाट्यात काम करणारा, पंचविशीतला, कृष्णवर्णीय कलावंत. लियाम नीसन आणि युवन मॅकग्रेगर यांच्यासोबत तो चित्रीकरणाच्या जागी प्रत्यक्ष उभा राहून अभिनय करीत होता. नंतर त्याच्या जागी संगणकाचे पात्र आले आणि तो अदृश्य झाला.

प्रेक्षकांना जार जार आवडला नाही. इथवर कोणाची तक्रार नाही; मलाही तो आवडला नाही. विनोद ढोबळ होता आणि ज्या गंभीर कथेत तो पेरला होता तीत तो रुजत नव्हता. काही समीक्षकांनी याहून गंभीर आक्षेप घेतला की, या पात्राची बोली आणि चालणे-बोलणे यांत कॅरिबियन कृष्णवर्णीयांचे जुने, अपमानकारक व्यंगचित्र डोकावते. निर्मात्यांनी तो नाकारला, पण तो विचारात घेण्याजोगा आक्षेप होता. ही सारी समीक्षा झाली. मात्र याच्या पुढे जे घडले तिला समीक्षा म्हणता येणार नाही. पात्राविषयीची घृणा त्या नटाच्या अंगावर ओतली गेली. वृत्तपत्रांत, दूरदर्शन वाहिन्यांवर, नुकत्याच घरोघर पोचू लागलेल्या इंटरनेटवर. गंमत पाहा, पडद्यावर ज्याचा चेहरा कोणाला दिसलाच नव्हता, त्यालाच शोधून काढून शिक्षा करण्यात आली. पटकथा त्याने लिहिली नव्हती. पात्राचे रूप त्याने आखले नव्हते. त्याने सांगितलेले काम मन लावून केले होते.

एकोणीस वर्षांनी, २०१८ च्या जुलैत, अहमद बेस्ट यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरचे, आपल्या लहान मुलासोबतचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले आणि सांगितले की, त्या टीकेच्या दिवसांत याच जागी आपण आयुष्य संपवण्याच्या बेतात होतो, आणि आज जगण्याचे कारण आपल्या शेजारी उभे आहे. ज्यांनी त्या काळी खिदळत विनोद केले होते, त्यांच्यातल्या अनेकांना ते छायाचित्र पाहून पहिल्यांदा कळले की जार जारला आई-बाप होते.

त्याच चित्रपटात अनाकिनची भूमिका करणारा जेक लॉइड तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या अभिनयावरही झोड उठली. शाळेतल्या चिडवण्याचे दिवस फार कठीण गेले, असे त्याने मोठेपणी सांगितले. तर आपण ती टीका त्याच्यापर्यंत पोचू दिली नव्हती, असे त्याच्या आईने २०२४ मध्ये सांगितले. एखाद्याच्या आयुष्यातल्या सगळ्या दुःखांचे खापर प्रेक्षकांच्या माथी फोडणे हाही एक उतावळा निकालच होईल, आणि तो आपण टाळावा. पण दहा वर्षांच्या मुलाला आईने आपल्यापासून वाचवावे लागले, एवढी एक गोष्ट आपल्याला खाली मान घालायला लावण्यास पुरेशी आहे.

तीनच वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या भागात गॉलम हे पात्र आले. तेही संगणकावर घडवलेले, आणि तेही एका नटाच्या देहावर बेतलेले. अँडी सर्किस यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक वळी समोर ठेवून अ‍ॅनिमेटरांनी त्या पात्राचा चेहरा घडवला. प्रेक्षकांनी गॉलमची कीव केली, त्याची भीती बाळगली, त्याच्यावर विश्वास ठेवला. तीन वर्षांत तंत्र सुधारले हे खरे. पण मुख्य फरक असा की, गॉलमच्या कातडीआडून माणूस पाहत होता आणि तो आपल्याला दिसत होता. जार जारच्या आतला माणूस आपल्याला दिसू दिला गेला नाही, आणि आपणही तो शोधला नाही.

अलीकडचे एक उदाहरण घेऊ. २६ मे २०२३ रोजी ‘द लिटल मरमेड’ प्रदर्शित झाला. हान्स अँडरसन यांच्या १८३७ च्या डॅनिश परीकथेवरून १९८९ मध्ये व्यंगपट निघाला होता. त्यातल्या गोऱ्या, तांबड्या केसांच्या जलपरीच्या जागी आता हॅली बेली ही कृष्णवर्णीय गायिका आली. निवड जाहीर झाली २०१९ मध्ये, आणि तेव्हापासूनच ओरड सुरू झाली की जलपरी ‘अशी’ नसते. जलपरी कशी असते, हे प्रत्यक्ष पाहिल्यासारखे लोक बोलत होते! २०२२ मध्ये पहिली झलक आली तेव्हा नापसंतीचा असाच पूर लोटला. पण त्याच झलकेसमोर बसलेल्या छोट्या कृष्णवर्णीय मुलींच्या चित्रफितीही जगाने पाहिल्या. त्यांचे डोळे विस्फारतात, त्या आईकडे वळून पाहतात, आणि ही आपल्यासारखी आहे म्हणून आनंदाने ओरडतात. पात्रयोजनेवरची याहून मोलाची समीक्षा त्या वर्षी कोणी लिहिली नसेल.

चित्रपट प्रत्यक्ष आल्यावर उणीव निघाली ती वेगळीच. हॅली बेलीने आपल्या डोळ्यांनी आणि गळ्याने ती जलपरी उभी केली. फसले ते तिचे सोबती. खेकडा आणि मासा अगदी हुबेहूब, समुद्रातून नुकतेच काढल्यासारखे केले होते, आणि खऱ्या माशाच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. कोळीवाड्यातल्या कोणालाही हे विचारले असते तर त्याने फुकट सांगितले असते. २०१९ च्या उन्हाळ्यातल्या ‘द लायन किंग’चेही तेच झाले होते. सिंह इतका खरा की त्याच्या बापाच्या मृत्यूचे दुःख त्याच्या तोंडावर दिसेना. हुबेहूबपणा म्हणजे सत्य नव्हे, हे कलेतले जुने तत्त्व कोट्यवधी डॉलर खर्चून पुन्हा एकदा सिद्ध झाले.

करामतींविषयी बोलताना त्या करणाऱ्यांना विसरणे हाही आपल्या बेपर्वाईचाच भाग आहे. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटात होडीत एक मुलगा आणि एक वाघ. बहुतेक दृश्यांत वाघ तेथे नव्हताच. सूरज शर्मा या, आधी कधीही अभिनय न केलेल्या दिल्लीच्या मुलाने रिकाम्या जागेकडे पाहून ती भीती आणि ती माया दाखवली, आणि ‘रिदम अँड ह्यूज’ या संस्थेच्या कलावंतांनी त्या नजरेसमोर वाघ आणून उभा केला. या संस्थेची एक शाखा मुंबईतही होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामाला ऑस्कर मिळाले, आणि त्याच्या काही दिवस आधीच ती संस्था दिवाळखोरीत निघाली होती. पारितोषिक घेताना त्यांच्या प्रमुखाने आपल्या सहकाऱ्यांच्या हलाखीचा उल्लेख सुरू केला. वेळ संपल्याचे सुचवणारे संगीत वाजू लागले आणि त्याचा आवाज बंद करण्यात आला. ते संगीत होते ‘जॉज’चे. करामतींचे युग ज्या सुरांनी सुरू झाले, त्याच सुरांनी करामत करणाऱ्याचे तोंड बंद करण्यात आले. ‘ते दृश्य खोटे वाटले’ असे आपण सहज म्हणतो. त्या दृश्यामागे अपुरा वेळ आणि अपुरे वेतन घेऊन रात्री जागवणारा कोणी तरुण असतो.

या सगळ्या धाग्यांची गाठ जून २०२३ च्या ‘द फ्लॅश’ या चित्रपटात पडलेली मला दिसते. त्यात मायकेल कीटन एकतीस वर्षांनी पुन्हा बॅटमॅन म्हणून आले. एके काळी पत्रांचा ढीग पाठवून ज्यांना नाकारले गेले, तेच आता त्या चित्रपटाचे मुख्य आकर्षण होते. त्याच चित्रपटाच्या अखेरीस मात्र ख्रिस्तोफर रीव्ह यांचा सुपरमॅनच्या वेषातला चेहरा संगणकावर उभा केला होता. रीव्ह २००४ मध्येच वारले. चेहरा ओळखू येत होता, पण त्या डोळ्यांमागे कोणी नव्हते. अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले, काहींना तो मृताचा अनादर वाटला. त्याच उन्हाळ्यात, १४ जुलैला, अमेरिकेतल्या नटांनी संप पुकारला. नटाची संगणकीय प्रतिकृती त्याच्या संमतीवाचून वापरता येऊ नये, ही त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती. नोव्हेंबरमध्ये संप मिटला तेव्हा संमती आणि मोबदला यांविषयीच्या अटी करारात आल्या.

‘द फ्लॅश’च्या प्रेक्षकांनी त्या निर्जीव चेहऱ्याला दिलेला नकार मला आशादायक वाटतो. याचा अर्थ आतून आपल्याला अजून कळते. पडद्यावर माणूस आहे की नाही, हे आपण ओळखतो. मग तीच ओळख चित्रपटगृहाबाहेर का टिकत नाही? नट चुकला तर चुकला म्हणावे, चित्र फसले तर फसले म्हणावे. समीक्षेचा तो धर्मच आहे. पण आधी पाहावे, मग बोलावे, आणि बोलताना पात्र आणि माणूस यांतली रेघ पुसू नये, एवढे तर प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती आहे.

अहमद बेस्ट यांना २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत पुन्हा त्याच विश्वात काम मिळाले. या वेळी त्यांच्या तोंडावर संगणकाचा मुखवटा नव्हता. संकटातल्या एका बाळाला कडेवर घेऊन वाचवणाऱ्या योद्ध्याची ती छोटी भूमिका होती, आणि प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. चोवीस वर्षांनी आपण त्यांचा चेहरा पाहिला. माझी मावशी आज असती तर तिला हा प्रसंग दाखवला असता. अंतराळयाने, तलवारींचा लखलखाट, यांतले काही तिच्या ध्यानात राहिले नसते. त्या माणसाने बाळ कसे धरले होते, एवढेच तिने सांगितले असते.